फरक सापडेपर्यंत

सप्टेंबर लागला की करी रोड-लालबागच्या इमारतींत सूचनाफलकांवर एकाच मजकुराच्या नोटिसा दिसू लागतात. वार्षिक सर्वसाधारण सभा, अमुक रविवारी, सकाळी दहा वाजता, गच्चीवर. विषयपत्रिकेत कुठेतरी वरच्या बाजूला दोन ओळी असतात. एक, लेखापरीक्षित हिशेबपत्रकांना मंजुरी देणे. दुसरी, मागील लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल वाचून त्याची नोंद घेणे. हे दोन्ही विषय मिळून पाच मिनिटांत संपतात. मग पार्किंग, पाण्याची वेळ आणि लिफ्ट यांवर दीड तास कडाक्याचं भांडण होतं.

मी त्या पाच मिनिटांबद्दल लिहिणार आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आणि पतसंस्थांचे हिशेब तपासणं हे माझं काम. सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही परीक्षा पास होऊन मी नामतालिकेवरची लेखापरीक्षक झाले. त्याआधी गिरगावातल्या एका सनदी लेखापालांच्या ऑफिसात कारकून होते. राहते इथेच, करी रोडला. आमच्याकडे पैसा फार नव्हता, पण पैशाच्या वह्या मात्र घराघरात होत्या. गिरणीच्या पतपेढीचं पासबुक, बायकांची भिशी, गणपतीची वर्गणी, शिवाय गावकरी मंडळाची पेटी. कोकणातल्या एकेका गावाची माणसं चाळीतल्या एका खोलीत महिन्याला जमत, देवळासाठी, शाळेसाठी, कुणाच्या आजारपणासाठी पैसे काढत आणि शंभर पानी वहीत लिहून ठेवत. आमचा सारा परिसर एकमेकांच्या वह्यांवर विश्वास ठेवून जगत होता. म्हणून वहीतली चूक ही माझ्या लेखी कधीच फक्त आकड्याची बाब राहिली नाही.

माझे वडील इथल्याच एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. पुढे फंडाच्या पैशासाठी कागद काढायची वेळ आली, तेव्हा एका रजिस्टरात त्यांचं नाव आडनावासह होतं, दुसऱ्यात आडनावाच्या जागी गावाचं नाव होतं आणि तिसऱ्यात तिकीट नंबरचा एक आकडा वेगळा होता. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. हजेरीपटावरून दुसऱ्या वहीत उतरवताना कुणाच्या तरी हातून ते झालं, आणि ताडून पाहायला कुणी बसलं नाही. पण 'हा माणूस तो नव्हेच' असं खिडकीपलीकडून ऐकायला लागलं ते वडिलांना. अशी कितीतरी घरं या भागात आहेत. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी पुरावे गोळा करताना पुन्हा तेच तिकीट नंबर, तेच हजेरीपट, तीच नावांची ओढाताण.

गिरगावच्या ऑफिसात हेडक्लार्क होते, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. तेव्हा सगळं हातानं लिहिलं जाई. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार, तिथून खतावणीत प्रत्येक खात्याच्या पानावर नोंद, वर्षाच्या शेवटी सगळ्या खात्यांच्या शिल्लका काढून तेरीज. नावेची बेरीज आणि जमेची बेरीज सारखी आली की तेरीज लागली. ही दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात पहिल्यांदा नीट मांडली ती लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं, १४९४ साली व्हेनिसमध्ये. तिचं मर्म सोपं आहे. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा. पैसा आला तर कुठून आला तेही लिहायचं, गेला तर कशासाठी गेला तेही. दोन बाजूंनी लिहिल्यामुळे एक बाजू दुसरीची साक्ष काढते.

तेरीज लागली नाही की ऑफिसात सगळे म्हणत, "फरक लागतोय." आणि नवीन मुलं लगेच सगळ्या बेरजा पहिल्यापासून करायला बसत. अण्णा त्यांना थांबवत. आधी फरकाकडे बघ, म्हणत. फरक स्वतःच बोलतो.

हे खरं आहे, आणि वाचकांनी घरच्या वहीवरही करून पाहावं. फरकाला नऊनं निःशेष भाग जातो का ते आधी बघायचं. जात असेल तर बहुधा दोन आकडे उलटसुलट लिहिले गेलेत. ५,७४० चे ५,४७० झाले तर फरक २७०. नऊनं भागले की ३०. म्हणजे दशक आणि शतक या जागा बदलल्यात आणि त्या दोन आकड्यांत तीनचं अंतर आहे. सात आणि चार. इतक्या खुणा मिळाल्यावर अख्खी वही चाळावी लागत नाही. शून्य राहून गेलं तरी नऊ मदतीला येतो. ३,६०० च्या जागी ३६० लिहिलं तर फरक ३,२४०. त्याला नऊनं भागा, थेट ३६० हातात येतं. फरक सम असेल तर त्याचा अर्धा करून तो आकडा शोधायचा. १,८६० चा फरक लागला तर ९३० ची एखादी रक्कम नावेऐवजी जमेला चढली असण्याचा संभव असतो, कारण चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम दुप्पट फरक पाडते. फरक नेमका शंभर किंवा हजार असेल तर बेरजेतला हातचा तपासायचा.

अण्णांचा आणखी एक दंडक होता. फरक लहान आहे म्हणून सोडायचा नाही. दहा रुपयांचा फरक लागला आणि एखाद्यानं म्हटलं, "जाऊ द्या, किरकोळ खर्चाला टाकू," की ते बसू देत नसत. कारण दहा रुपये हे दोन मोठ्या चुकांतलं उरलेलं अंतर असू शकतं. एकीकडे पन्नास हजार कमी, दुसरीकडे एकोणपन्नास हजार नऊशे नव्वद जास्त. वर दिसतात फक्त दहा. मी ही गोष्ट पतसंस्थांच्या संचालकांना आजही पुन्हा पुन्हा सांगते, कारण लहान फरक 'सस्पेन्स' खात्यात टाकून वर्ष बंद करायची सवय सगळीकडे आहे. सस्पेन्स खातं हे फरक सापडेपर्यंत तात्पुरतं ठेवायचं असतं. मी असे ताळेबंद पाहिलेत की ज्यांत तीच सस्पेन्सची रक्कम दरवर्षी नव्या पानावर जशीच्या तशी पुढे येते आणि ती कधीची, कशाची, हे सांगणारं माणूस संस्थेत उरलेलं नसतं.

आता टॅली आली. संगणकात एक बाजू लिहून दुसरी राहून जाणं शक्यच नाही, त्यामुळे तेरीज आपोआप लागते. लोकांना वाटतं चुका संपल्या. माझा अनुभव असा की ज्या चुका तेरीज पकडत असे, त्याच संपल्या. जुन्या शिल्लका भरताना गडबड झाली तर 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस' अशी ओळ ताळेबंदात येते, तेवढी एक खूण सोडली तर बाकी सगळं देखणं दिसतं. आणि ज्या चुकांना तेरीज पूर्वीही पकडत नव्हती, त्या तशाच आहेत. व्यवहाराची नोंदच झाली नाही, तर दोन्ही बाजू सारख्याच रिकाम्या. एकाच बिलाची दोनदा नोंद झाली, तर दोन्ही बाजू सारख्याच फुगलेल्या. रक्कम बरोबर पण माणूस चुकीचा, तरी बेरीज जुळते. आणि तत्त्वाची चूक तर सगळ्यांत गोड दिसते.

तत्त्वाची चूक म्हणजे काय, ते इमारतीवरून सांगते. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदस्यांकडून दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंड आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी घ्यायचा असतो. हा संस्थेचा खर्चायला मिळालेला पैसा नाही. तो वेगळा गुंतवून ठेवायचा, इमारत म्हातारी होईल तेव्हासाठी. पण बिल बनवणारा मुलगा ही रक्कम उत्पन्नात टाकतो. एकही रुपया कुणी खाल्लेला नसतो, पै न् पै बँकेत असते. फक्त कागदावर संस्था नफ्यात दिसते. सभेत टाळ्या पडतात, मासिक आकार वाढवायचा नाही असा ठराव होतो, निधी वेगळा न राहता रोजच्या खर्चात विरघळतो. आणि मग पावसाळ्यात सज्जाचा तुकडा खाली येतो, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल येतो, आणि दुरुस्तीसाठी घरटी लाख-दोन लाख मागायची वेळ येते. चाळीच्या जागी टॉवर झालेल्या आमच्या भागात निवृत्त माणसं त्या टॉवरमध्ये पेन्शनवर राहतात. त्यांनी ते कुठून आणायचे? खात्याच्या नावातली चूक पंधरा वर्षांनी अशी भिंतीतून बाहेर येते.

आता एक तपासणी सविस्तर सांगते, कारण चूक शोधणं म्हणजे प्रत्यक्षात काय असतं ते त्यातून कळेल. करी रोड स्टेशनपासून चालत जाण्याजोगी एक संस्था. नाव सांगत नाही. ३१ मार्चला तिच्या वहीत बँक शिल्लक होती २,४६,८१५ रुपये. बँकेच्या विवरणात होते २,१९,८३५. वहीपेक्षा २६,९८० रुपये कमी. खजिनदार नुकतेच बदलले होते. त्यामुळे इमारतीत जी कुजबुज सुरू व्हायची ती झालीच होती. जुन्या खजिनदारांनी जिन्यात भेटल्यावर नमस्कार करणं सोडलं होतं, आणि लोकांना तोच पुरावा वाटत होता.

मी बँक मेळ घालायला बसले. मेळ घालणं म्हणजे वहीची प्रत्येक ओळ बँकेच्या ओळीसमोर ठेवून टिक करत जायचं. दोन्हीकडे आहेत त्या नोंदी बाजूला पडतात आणि उरतात त्या अनाथ नोंदी. त्या अशा उरल्या. सदस्यांचे ६,३०० रुपयांचे चेक मार्चअखेर भरलेले, पण बँकेत जमा झाले एप्रिलमध्ये. लिफ्ट कंपनीला दिलेला ८,८५० चा चेक, जो कंपनीनं अजून भरलाच नव्हता. या दोन्ही चुका नव्हेत, फक्त काळाचं अंतर आहे. मग सापडला नोव्हेंबरमध्ये न वटता परत आलेला १२,६०० चा चेक. भरल्याची नोंद वहीत होती, परत आल्याची नव्हती. त्यावर बँकेनं कापलेले ५९० रुपये, तेही वहीत नव्हते. आणि मार्चमध्ये सामाईक विजेचं बिल खात्यातून परस्पर वळतं झालेलं, १६,३४० रुपये. त्याचा कागद हातात आला नाही म्हणून नोंद झाली नाही.

आता मांडा. ६,३०० मधून ८,८५० गेले, उणे २,५५०. त्यात १२,६००, ५९० आणि १६,३४० मिळवले की बरोबर २६,९८०. एक रुपया इकडे-तिकडे नाही. वहीतून खऱ्या चुकांचे २९,५३० वजा केले की खरी शिल्लक येते २,१७,२८५, आणि बँकेच्या आकड्यात वाटेतले चेक धरले-सोडले की तिकडूनही तेच येतात. कुणीही पैसे खाल्ले नव्हते. मात्र एका सदस्यानं न वटलेल्या चेकचे पैसे नोव्हेंबरपासून भरले नव्हते आणि वहीत तो सगळं चुकतं केलेला दिसत होता. ज्याच्याकडे येणं होतं त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि ज्याचा संबंध नव्हता तो मान खाली घालून वावरत होता.

त्याच तपासणीत दुसरी गोष्ट निघाली, जी बँक मेळात सापडणं शक्य नव्हतं. ४०३ नंबरच्या खोलीतल्या आजी पासबुक घेऊन आल्या. त्यांचा मुलगा बाहेरगावाहून ऑनलाइन पैसे भरतो, तरी त्यांच्या नावावर थकबाकी दिसत होती आणि तिच्यावर व्याज चढत होतं. त्यांनी सहा महिन्यांचे व्यवहार क्रमांक कागदावर लिहून आणले होते. पैसे संस्थेत आले होते, पण जमा होत होते ३०४ च्या खात्यात. बँक बरोबर, बेरीज बरोबर, तेरीज बरोबर, आणि तरीही एका बाईला दर महिन्याला थकबाकीदार म्हणून नोटीस. वर सॉफ्टवेअर व्याजावर व्याज लावत होतं. उपविधीत जास्तीत जास्त दरसाल २१ टक्के, तेही सरळ व्याजानं, एवढीच मुभा आहे. ३०४ वाल्यांनी आपल्या खात्यात जास्तीची जमा दिसते म्हणून विचारलं का? नाही विचारलं. जमा जास्त दिसली की कुणी विचारत नाही. म्हणून अशी चूक शोधायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे प्रत्येक सदस्याला वर्षातून एकदा त्याच्या खात्याचा पूर्ण उतारा द्यायचा आणि शिल्लक मान्य असल्याची सही घ्यायची.

फरक दिसला की आधी माणसावर बोट ठेवायचं, ही सवय किती भयंकर असू शकते ते ब्रिटनमध्ये जगानं पाहिलं. तिथल्या पोस्ट खात्यानं १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली छोट्या टपाल कार्यालयांत बसवली. तिच्यातल्या दोषांमुळे कार्यालयांच्या हिशेबात तूट दिसू लागली. कार्यालय चालवणारे सांगत होते की आम्ही पैसे घेतले नाहीत. खातं म्हणत होतं, संगणक चुकत नाही. नऊशेहून अधिक लोकांना चोरी आणि खोट्या हिशेबांसाठी दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींनी नसलेली तूट घर गहाण टाकून भरली, काहींनी जीव दिला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं प्रणालीतले दोष मान्य केले, आणि त्या शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. इतकी वर्षं लागली, कारण फरक कुठून आला हे शोधण्याऐवजी तो कुणाकडून वसूल करायचा हे आधी ठरलं होतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती आमच्या शेजारची आहे. १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकारानं कामगारांसाठी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक निघाली. पुढे तिचं नाव न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत वहीतली रोकड आणि तिजोरीतली रोकड यांत १२२ कोटी रुपयांची तफावत निघाली. प्रभादेवी आणि गोरेगाव इथल्या तिजोऱ्यांतली. १३ फेब्रुवारीला बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना स्वतःचे पैसे काढता येईनात, तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. त्या दिवसांत बँकेच्या दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांची चित्रं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्यावरून तपासनिसानं एक गोष्ट शिकायची ती अशी की वही वहीशी जुळली, एवढ्यावर थांबायचं नाही. वहीत रोख शिल्लक लिहिलेली असेल तर पेटी उघडून नोटा मोजायच्या. मुदत ठेव लिहिलेली असेल तर पावती हातात घेऊन बघायची आणि बँकेकडून लेखी पत्र आणायचं. कर्ज येणं दिसत असेल तर कर्जदाराला विचारायचं. आकड्याच्या मागे ती वस्तू खरोखर आहे का, हे पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. आणि हे न सांगता करायचं. तारीख कळवून केलेली रोख मोजणी मी मोजणी मानत नाही.

गणेशोत्सव मंडळांकडे मला फार आपुलकीनं पाहावंसं वाटतं. रात्ररात्र राबणारी पोरं असतात, हिशेब शिकलेली नसतात, आणि हातून लाखो रुपये जातात. इथे सगळ्यांत मोठा धोका नोंदच न होण्याचा. आणि जी नोंद झालीच नाही ती वहीत शोधून सापडणार कशी? ती पावतीपुस्तकात शोधायची. छापखान्याच्या बिलावरून किती पुस्तकं छापली ते काढायचं, कुणाला कुठल्या नंबरची दिली ते लिहून ठेवायचं, आणि उत्सव संपल्यावर प्रत्येक पुस्तक, कोरं असलं तरी, परत घ्यायचं. स्थळप्रतींचे नंबर ओळीनं लावले की मधला हरवलेला नंबर स्वतःहून समोर येतो. हल्ली वर्गणी क्यूआर कोडवर येते. हे चांगलंच आहे, कारण प्रत्येक रुपयाची खूण राहते. मात्र तो कोड मंडळाच्या खात्याचा हवा. एखाद्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा कोड खांबावर चिकटवला की त्याचा पगार, त्याचं किराण्याचं बिल आणि बाप्पाची वर्गणी एकाच प्रवाहात जातात. मुलगा प्रामाणिक असला तरी पुढे त्याला स्वतःला ते वेगळं करून दाखवता येत नाही. ज्या मंडळांची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी नाही, त्यांना वर्गणी गोळा करण्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. त्याचा जाच वाटून घेऊ नये. उद्या कुणी बोट दाखवलं तर तोच कागद पोरांना वाचवतो.

चूक सापडल्यावर पुढे काय, यावर लोक फार कमी विचार करतात. पहिली इच्छा होते ती झाकायची. पांढरी शाई लावायची, पान बदलायचं, संगणकात मागच्या तारखेत जाऊन आकडा गुपचूप सुधारायचा. चुकीपेक्षा हे वाईट. अण्णा खोडरबर टेबलावर ठेवू देत नसत. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. वर्ष बंद झालेलं असेल तर जुन्या पानाला हात लावायचाच नाही. आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद करायची आणि तिच्याखाली कारण लिहायचं. ४०३ च्या आजींच्या बाबतीत आम्ही तसंच केलं. ३०४ च्या खात्याला नावे, ४०३ च्या खात्याला जमा, लावलेलं व्याज उलटवलं आणि खाली सहाही व्यवहार क्रमांक लिहिले. मी संस्थेला आणखी एक करायला लावलं. आजींना पत्र द्यायचं की थकबाकी आपली नव्हती, चूक संस्थेची होती, आणि ते पत्र सभेच्या इतिवृत्तात घ्यायचं. जुन्या खजिनदारांचं नावही मेळपत्रकासह सभेत वाचलं गेलं. कुजबुज जिन्यात झाली होती, पण खुलासा सगळ्यांसमोर व्हायला हवा होता आणि तो झाला.

अण्णांचा हा नियम आता देशाच्या कायद्यात आला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशीच हिशेब प्रणाली वापरावी लागते, जिच्यात प्रत्येक बदल कधी झाला याची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. सहकारी संस्थांनी कायद्याची वाट न पाहता हे करावं असं मी प्रत्येक अहवालात लिहिते.

एकाच माणसाच्या हाती सगळं द्यायचं नाही, हेही आपल्याकडे नवीन नाही. पेशवाईत मामलेदाराच्या हाताखाली दरकदार असत. फडणीस रोजचा जमाखर्च लिही, मुजुमदार तो तपासून पाही, पोतनीस रोख सांभाळी, दफ्तरदार खतावणी करून महिन्याचा गोषवारा हुजुरास पाठवी. आणि मामलेदाराला दरकदाराला कामावरून काढता येत नसे. पैसा हाताळणारा एक, लिहिणारा दुसरा, तपासणारा तिसरा, आणि तपासणाऱ्याला साहेबाची भीती नाही. आज कितीतरी संस्थांत चेक लिहिणारा, सही घेणारा, नोंद करणारा आणि बँकेत जाणारा एकच असतो. तो भला माणूस असतो, म्हणूनच सगळं त्याच्यावर टाकलेलं असतं. त्याच्यावर हा अन्याय आहे. तो आजारी पडला तर संस्था आंधळी होते, आणि त्याच्या हातून काही राहून गेलं तर ते पाहायला दुसरे डोळेच नसतात.

सहकार कायद्यानं दुरुस्तीची वाट आखून दिली आहे. लेखापरीक्षणात दोष निघाले तर संस्थेनं अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत निबंधकांना त्यांचा खुलासा करायचा, दोष दूर करायचे, आणि काय केलं ते पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं. यासाठी 'ओ' नमुना आहे. हाच तो दोषदुरुस्ती अहवाल. आणि हाच बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या ओळी उतरवून दिला जातो. 'दुरुस्ती करण्यात येईल', 'नोंद घेतली', 'यापुढे दक्षता घेऊ'. मी लागोपाठच्या वर्षांचे असे अहवाल शेजारी ठेवून वाचले आहेत, आणि त्यांत फक्त तारीख बदललेली पाहून मला मनापासून वाईट वाटतं. दोष दाखवला, मान्य केला, आणि तसाच ठेवला, तर तपासणी कशासाठी केली?

म्हणून यंदा आपल्या सभेला जाल तेव्हा तो विषय पाच मिनिटांत पुढे ढकलू देऊ नका. हिशेबपत्रकं सभेआधी घरी मागवा, तो तुमचा हक्क आहे. चारच गोष्टी विचारा. ३१ मार्चचं बँक मेळपत्रक दाखवा. सस्पेन्स खात्यात काही आहे का, आणि असेल तर ते कधीपासून आहे? सिंकिंग फंडाच्या ठेवपावत्या आणा. मागच्या वर्षी दाखवलेल्या दोषांपैकी कुठले प्रत्यक्षात दुरुस्त झाले, ते एकेक वाचून दाखवा. आवाज चढवायची गरज नाही, कुणाला चोर म्हणायची तर मुळीच नाही. आणि आपल्या खात्याचा वर्षाचा उतारा घेऊन घरच्या पासबुकाशी एकदा ताडून पाहा. तुमच्या नावावर चार पैसे जास्त जमा दिसले, तरी जाऊन सांगा. ते कुणाच्या तरी खात्यातून आलेले असतात.